उदंड गिअरबॉक्स

तांदळाच्या कोठीत तांदूळ असतो, असं सगळे धरून चालतात.

कन्हानला एका गोठ्यामागच्या कोंबड्या एका सकाळी बेघर झाल्या.

धंतोलीतल्या हाडांच्या डॉक्टरांनी यमुताईंना बजावलं: यंदा खाली बसायचं नाही, वाकायचं नाही आणि जमलं तर कोणावर चिडायचंही नाही.

पैठणीच्या घडीला पेट्रोलचा वास.

“होऊन जाते ना, भाऊ.”

देवीसमोर खोटं बोलायचं नसतं.

हे सगळं एकाच माणसाच्या अंगावर कसं आलं, ते आता ऐका.

माणसाचं नाव मुकुंद. राहणार प्रतापनगर, नोकरी सरकारी कचेरीत. त्याच्या टेबलावर फाइल अर्धी होऊन येते आणि पाऊण होऊन पुढे जाते. पूर्ण झालेली फाइल कशी दिसते, हे त्याने इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही. म्हणून कन्हानला एका सहकाऱ्याकडे बारशाला गेला असताना गोठ्यामागे त्याला ती जुनी फियाट दिसली, छपरावर कोंबडा, आत कोंबड्या, तेव्हा त्याच्या छातीत काहीतरी हललं. आयुष्यात एक गोष्ट तरी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करणार, असं त्याने घरी येऊन जाहीर केलं. त्याची बायको मुग्धा शाळेत गणित शिकवते. तिने विचारलं, ती एक गोष्ट म्हणजे न्हाणीघरातला नळ असला तर चालेल का.

नळ राहिला. गाडी आली. टेम्पोवर चढून आली.

मागच्या सीटखाली एक अंडं निघालं. मुकुंदच्या आईने, म्हणजे यमुताईंनी, गाडीभोवती फिरून गोमूत्र शिंपडलं. त्या घरात सामिष वाहन प्रथमच येत होतं.

मग कवडू आला. कवडू मेकॅनिक. दर रविवारी यायचा, एक भाग खोलायचा, पोह्यांवर तर्री मागायचा आणि जायचा. खोलण्यात त्याचा हात धरणारा माणूस अख्ख्या कामठी रोडवर नव्हता. जोडायची वेळ आली की त्याच्या गावाकडून फोन यायचा. कधी धानाची रोवणी, कधी साळीचं बाळंतपण, कधी सासऱ्याची म्हैस. दिवाळीपर्यंत गाडी होईल का, असं मुकुंदने विचारलं की तो म्हणायचा, “होऊन जाते ना, भाऊ. तुमी टेन्शन काहून घेता?” कोणत्या दिवाळीपर्यंत, ते दोघांनीही कधी बोलून घेतलं नाही.

मुकुंद मात्र स्वप्नात रामटेकला जाऊनही आला होता. मागे आई, मागेच लेक गार्गी, काच खाली, खिडकीतून बाहेर काढलेलं त्याचं कोपर, उरलेले केस वाऱ्यावर.

घरी काय चाललं होतं? घरी संसार चालला होता, पण गाडीच्या मधून. पुढची सीट दिवाणखान्यात आली आणि पाहुणे तिच्यावर बसू लागले. उन्हाळ्यात यमुताईंच्या कुरडया बॉनेटवर वाळल्या, आणि गाडीचं काहीतरी उपयोगी पडतं हे त्यांनी पहिल्यांदा मान्य केलं. रेडिएटर न्हाणीत, त्या नळाखालीच. गार्गी बारावीला. ती म्हणायची, फिजिक्सचं पुस्तक शोधायला गेले की फिजिक्सच हाती लागतं. आणि मुग्धा? तिने ड्रायव्हरच्या जागी एक प्लास्टिकची खुर्ची पाय कापून बसवली होती. संध्याकाळी ती त्या इंजिन नसलेल्या गाडीत बसून पेपर तपासायची, कारण घरात पाना घेऊन कोणी येत नाही अशी तेवढी एकच जागा उरली होती.

हेही चाललं असतं. पण मुकुंदने साबुदाणा भिजवायच्या भांड्यात पेट्रोल ओतून बोल्ट धुतले. श्रावणी सोमवारी त्याच भांड्यातल्या साबुदाण्याची उसळ झाली. पहिला घास यमुताईंनी घेतला.

त्या दिवशी मुग्धा ओरडली नाही. ओरडली असती तर मुकुंद निर्धास्त राहिला असता. तिने हात पुसले आणि शांतपणे सांगितलं, “महालक्ष्म्यांपर्यंत गाडी सुरू झाली तर राहील. नाही तर दोन्ही विसर्जनं मागोमाग.” आणि त्याच्यासमोरच कळमन्याच्या एका कबाडीवाल्याला फोन करून विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो आणायला सांगितला.

(पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडे महालक्ष्म्या. भाद्रपदात माहेरी येतात, तीन दिवस राहतात. आणि अतिशय कडक असतात. पुण्याकडच्या किती कडक असतात, आम्हाला ठाऊक नाही.)

आता मुकुंदची धावपळ सुरू झाली. ऑफिसात बूड टेकेना, घरी डोळा लागेना. कवडूला सकाळी फोन, दुपारी फोन, चहा पिता पिता फोन. कवडू पोळ्याला गावी गेला तो गेलाच. पोळा होऊन गेला, तान्हा पोळा होऊन गेला, तरी फोनवर एकच उत्तर: “बैलं धुऊन राहिलो ना, भाऊ.” एवढे धुतले तर बैलांचा रंग जाईल, असं मुकुंद म्हणाला. कवडूने फोन ठेवून दिला.

आवाहनाचा आदला दिवस उजाडला. मुग्धाने शाळेत जाता जाता सांगितलं की देवीची पावलं पोर्चमधून काढायची आहेत, तिथे एक नटसुद्धा दिसायला नको. मुकुंद छाती फुगवून म्हणाला, नट काय, तुला वासही येणार नाही.

त्याचा हिशेब साधा होता. कबाडीवाला डोळ्यांना दिसेल ते नेतो. सांगाडा नेईल, नेऊ दे. आत्मा वाचला तर शरीर कुठूनही आणता येतं. म्हणजे आत्मा लपवायचा. कुठे? तर घरात जिथे वर्ष वर्ष कोणी ढुंकून पाहत नाही, तिथे. साफसफाई मागच्याच आठवड्यात उरकली होती, आता तिकडे कोणाचा हात जाणार नव्हता. यमुताई दुपारच्या झोपल्या आणि मुकुंद कामाला लागला. सांगाडा ढकलत बाजूच्या बोळात नेला. त्याला चाकं होती, तेवढंच होतं; इंजिन कधीच कवडूकडे गेलं होतं. गिअरबॉक्स सतरंजीवर घालून ओढत आणला आणि कोठीघरातल्या पत्र्याच्या कोठीत उतरवला. तांदूळ हल्ली पिशवीतून येतो, कोठी रिकामीच. कार्ब्युरेटर लोखंडी कपाटात, पैठणीमागे. क्लचप्लेट ओट्याखालच्या रांजणात. घरात फिल्टर आल्यापासून त्या रांजणात पाण्याचा थेंब पडला नव्हता. दोन्ही हेडलाइट गार्गीच्या पुस्तकांच्या मागे.

घाम पुसून त्याने घराकडे पाहिलं. निर्मळ. एखाद्या सभ्य माणसाचं वाटावं असं घर.

आता एक गोष्ट, जी मुकुंदला माहीत असायला हवी होती. त्याच घरात जन्मला, त्याच घरात केस गेले, तरी नव्हती. आवाहनाच्या वेळी त्याला दरवर्षी स्टुलावर चढवलं जायचं, फुलोरा बांधायला. करंज्या, साखळ्या, वेणी-फणी, सगळं मखरावर नीट टांगायचं. खालून बायकांची ताट वाजवत मिरवणूक जायची. ती दिवाणखान्याला फेरी मारून येते, असा त्याचा समज होता.

ती महालक्ष्म्यांना घर दाखवायला जायची. माहेरी आलेल्या लेकीला घर दाखवतात तसं. आणि काय दाखवायची? कोठी. तिजोरी. रांजण. पोथ्या-पुस्तकं. वर्षभर ज्या जागांकडे कोणी पाहत नाही, त्या पाहणारी पाहुणी वर्षातून एकदाच येते.

त्या घरचा नियम असा: विचारेल सासू, सांगेल सून, आणि सांगायचं ते खरं. कारण जे सांगाल ते वर्षभर घरात राहतं. मागे एकदा मुकुंदच्या काकूने रिकाम्या डब्यापुढे उभं राहून “तूप आहे” म्हटलं, तर त्या वर्षी लोणी कढवायला ठेवलं की करपायचंच. यमुताई अजून ते सांगतात, काकू समोर असल्या तर जास्तच सांगतात.

आवाहन. तुळशीपाशी मुग्धाने सुपात दोन्ही मुखवटे घेतले. गार्गी चमच्याने ताट वाजवू लागली. यमुताई वॉकर टेकत पुढे. मागे शेजारच्या सत्यवतीकाकू आणि आळीतल्या बायका, हातात हळदीकुंकू. मुकुंद स्टुलावर, तोंडात सुतळी.

“महालक्ष्मी आली, कशाच्या पावलांनी आली?”

“सोन्याच्या पावलांनी आली.”

मिरवणूक दिवाणखान्यात शिरली. मुकुंदने वरून कौतुकाने पाहिलं. मिरवणूक दिवाणखान्यातून बाहेर पडली. कोठीघराकडे वळली. मुकुंदच्या तोंडातली सुतळी खाली पडली.

“इथे काय आहे?” यमुताईंनी विचारलं.

मुग्धाने कोठीचं झाकण उचललं. आत पाहिलं. सुपातल्या दोघींनीही पाहिलं. ‘धान्य’ हा शब्द तिच्या ओठांवर आला होता, असं गार्गी नंतर शपथेवर सांगत होती. पण समोर महालक्ष्म्या, आणि डोक्यात मुकुंदच्या काकूंचं ते तूप.

“इथे गिअरबॉक्स आहे,” मुग्धा म्हणाली.

चमचा थांबला. यमुताईंनी आधी सून म्हणून या प्रश्नाला उत्तरं दिली होती, मग सासू म्हणून तो विचारला होता. असलं उत्तर दोन्हीकडून कधी ऐकलं नव्हतं. पण रीतीत पुढचा प्रश्न असतो, आणि यमुताई रीत मोडणाऱ्यांतल्या नव्हेत.

“उदंड आहे का?”

“उदंड आहे.”

“उदंड, उदंड,” मागच्या बायका म्हणाल्या आणि गिअरबॉक्सला हळदीकुंकू वाहिलं. हे तुमच्या कुळाचारातलं का, असं सत्यवतीकाकूंनी हळूच विचारून घेतलं.

मुकुंद स्टुलावरून उतरला नाही, घसरला. हातात करंजी तशीच. कपाटापर्यंत पोचून कार्ब्युरेटर खिशात घालायचा, एवढं एकच त्याला सुचत होतं. पण बोळकंडीत बायका, बायकांपुढे देवी आणि देवीपुढे वॉकर.

“मुकुंदा, देवीच्या पुढे जाऊ नको,” यमुताई मागे न पाहता म्हणाल्या.

मग तो मागून गेला. वरातीत चुकून शिरलेल्या माणसासारखा, करंजी घेऊन.

कपाट. इथे काय आहे? मुग्धाने पैठणी बाजूला केली. मग ती नाकाशी नेली.

“सोनं आहे, नाणं आहे, माझ्या लग्नातली पैठणी आहे,” ती म्हणाली. “आणि पैठणीला पुसलेला कार्ब्युरेटर आहे.”

“उदंड आहे का?”

“पुष्कळ झाला.”

“उदंड म्हण वं बाई.”

“उदंड आहे.”

रांजणापाशी पोचेपर्यंत बायका माना उंचावून पाहू लागल्या होत्या. क्लचप्लेट निघाली तेव्हा एकीने चक्क ‘अगं बाई, ही तर परातीएवढी’ अशी दाद दिली. गार्गीच्या कपाटापाशी मुग्धाने “इथे विद्या आहे” म्हणून पुस्तक सरकवलं, तर आतून दोन मोठे डोळे तिच्याकडे बघत होते. ती थबकली. तेव्हा गार्गीनेच पुढचं सांगितलं, “आणि उजेड आहे.”

तीन दिवस मुग्धा नवऱ्याशी मोजकं बोलली. मीठ वाढा, केळीची पानं आणा, सरका. सोळा भाज्या झाल्या, कढी झाली, आंबील झाली. मुकुंदला कशाचीच चव लागली नाही. जेवायला बसला की उठायचा, उठला की बोळात जाऊन सांगाड्यावर हात फिरवून यायचा.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. मुकुंद फाटकाशी मुलीकडच्या माणसासारखा उभा. तेवढ्यात वॉकरचा आवाज आला. यमुताईंनी कबाडीवाल्याला सांगितलं की काही न्यायचं नाही. महालक्ष्म्यांना आहे म्हणून सांगितलंय, आणि सांगितलेलं वर्षभर घरातून हलत नाही. निदान सांगाडा तरी द्या, तो म्हणाला. यमुताईंनी त्याला विचारलं की तुझ्या घरी महालक्ष्म्या बसतात का. बसत होत्या. त्याने टेम्पो वळवला.

मुकुंद त्या दिवशी ऑफिसला शिट्टी वाजवत गेला.

आणि दुपारीच कवडूचा फोन. बैल धुऊन झाले होते. “रविवारी सारा माल काढून ठेवा, भाऊ. या टायमाले जोडूनच टाकतो.” जोडून! हा शब्द त्याच्या तोंडून कोणी कधी ऐकला नव्हता.

रविवारी पहाटेच मुकुंद कोठीत हात घालायला गेला.

“हात लावू नको,” मागून यमुताई.

घरातल्या घरातच तर न्यायचा आहे, गाडीत बसवायचा आहे, असं त्याने परोपरीने सांगितलं. यमुताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “कोठीत आहे असं सांगितलंय. गाडीत आहे असं नाही सांगितलं.”

मुकुंदने बायकोकडे पाहिलं. मुग्धा म्हणाली, ती काय करणार, तिने तर जे होतं तेच सांगितलं.

कवडूलाही कोठी दाखवून झाली. त्याने कुंकू लागलेल्या गिअरबॉक्सला हात जोडले, चपला काढून दोन पावलं मागे सरला आणि याले आता पाना लावणं काही आपल्याच्यानं होत नाही म्हणाला. पुढच्या भादव्यानंतर होऊन जाते ना, भाऊ.

तांदळाची पिशवी कोठीला टेकून बाहेरच उभी असते. कार्ब्युरेटरला दर शुक्रवारी फूल.

संध्याकाळी मुग्धा बोळातल्या सांगाड्यात पेपर तपासत बसली होती. मुकुंदने घरात दोन फेऱ्या मारल्या, अंगणात तीन, आणि शेवटी एक उपडा डबा घेऊन तिच्या शेजारी बसला. खिडकीतून कोपर बाहेर काढलं. थोड्या वेळाने म्हणाला, पुढच्या वर्षी कोठीपाशी तू काय सांगशील?

“असेल ते,” मुग्धा म्हणाली आणि पुढचा पेपर घेतला.

मुग्धाकडे चारचाकीचं लायसन्स लग्नाच्या आधीपासून आहे. मुकुंदकडे नाही.