स्वीडनचा म्हातारा आणि इंझोरीची सोयरीक

मुलाचं घर पाहायला पाहुणे येणार म्हटल्यावर लोक भिंतींना रंग देतात. इंझोरीच्या जगदेवरावांनी खिडक्यांना घोंगड्या लावल्या. त्यांना पाहुण्यांना सिनेमा दाखवायचा होता, आणि तोही मे महिन्यात भर दुपारी दोन वाजता.

त्यांचा मुलगा प्रज्वल स्वीडनमध्ये इंजिनिअर होता. तिथं रविवारच्या सुट्टीत हौस म्हणून त्यानं एका विनोदी सिनेमात बारीकसं काम केलं होतं. सिनेमा विनोदी आहे आणि श्रीमंत लोकांवर आहे, एवढंच जगदेवरावांना माहीत होतं आणि त्यांना तेवढं पुरेसं होतं. पोरगं परदेशात म्हणून आधीची दोन स्थळं परत गेली होती. धनजच्या मारोतरावांची साधना मात्र महिनाभर प्रज्वलशी फोनवर बोलत होती आणि दोघांचं जमलंही होतं. राहिला होता फक्त तिच्या आईवडिलांचा होकार. तो आज मिळवायचाच, या इराद्यानं जगदेवरावांनी टीव्हीला मोबाईल जोडला.

मारोतराव, त्यांची बायको ललिताबाई आणि मध्यस्थ जमशेदभाई असे तिघं पुढच्या खुर्च्यांवर बसले. जमशेदभाईंचं कारंज्यात कापडाचं दुकान. दोन्ही घरच्या लग्नांचे बस्ते पिढ्यान्‌पिढ्या तिथंच बांधले गेलेले. सोयरीक जमली तर दोन्हीकडचा बस्ता त्यांच्याकडंच, त्यामुळं त्यांच्याइतका शुभचिंतक मिळणं अवघड होतं.

"लय हसवते म्हणे हा सिनेमा," जगदेवराव म्हणाले. "पोट सांभाळून बसा जी."

सिनेमा सुरू झाला. तळ्याकाठी पांढरा बंगला, लांबलचक टेबल आणि त्याभोवती दहा-बारा गोरी माणसं. ती काही बोलेनात. बोलली तरी ते स्वीडिशमध्ये होतं, म्हणजे बोलली काय न् न बोलली काय, सारखंच. पंधरा मिनिटं ती माणसं नुसती उकडलेले बटाटे खात होती. घोंगड्यांमुळं खोलीत भट्टी झाली होती. पाहुण्यांच्या तोंडावरची माशी हलेना.

जगदेवरावांना घाम फुटला. विनोदी म्हणून सांगितलं आणि कोणी हसलंच नाही, तर घराची शोभा ती काय राहिली? पडद्यावर एकानं खुणेनं मीठ मागितलं, तेवढ्यात त्यांनी स्वतःच मोठ्यानं हसून दिलं.

मारोतराव दचकले. पण मुलाचा बाप हसतो आहे आणि आपण मुलीकडचे गप्प बसलो, तर ते बरं दिसतं का? तेही हसले. दोन्ही पक्ष हसताहेत हे पाहून जमशेदभाई दोघांच्या वाटचं हसले.

"क्या बात है! पोट दुखून राह्यलं माहं," ते म्हणाले.

आता मागं फिरायची सोय नव्हती. कोणी दार उघडलं की हशा, कोणी खोकलं की हशा. मग एक पोरगा ट्रे घेऊन आला.

"हा आपला प्रज्वल!" जगदेवराव ओरडले.

"हा तं वाढपी हाय," मारोतराव हळूच म्हणाले.

"खोटं खोटं जी ते. सिनेमा हाय ना!" म्हणून जगदेवराव जास्तच मोठ्यानं हसले, आणि मारोतरावांनाही जावयाच्या ट्रेवर हसावं लागलं.

प्रज्वलनं घरातल्या म्हाताऱ्यापुढं सूप ठेवलं. म्हातारा वाकला आणि तोंड सुपात घालून तसाच राहिला. खोलीत हास्याचा कल्लोळ झाला. म्हातारा उठेचना. पुढच्या दृश्यात सगळे काळ्या कपड्यांत, आणि मधोमध शवपेटी. हसणं थांबवावं, तर आधीचं हसणं चुकलं असं कबूल करावं लागणार! म्हातारा जमिनीत जाईपर्यंत तिघं पुरुष मांड्या थापटून हसत राहिले.

ललिताबाई उठल्या. "चाला जी. येतो आमी."

"बसा ना बाई, चहा तरी," प्रज्वलची आई, प्रयागबाई, आतून धावत आल्या.

"नको. पोरीले काय सांगायचं ते पाहू घरी गेल्यावर."

असं म्हणत परत गेलेल्या दोन आया प्रयागबाईंनी पाहिल्या होत्या. "निदान पोराशी तं बोला," म्हणत त्यांनी टीव्हीचा मोबाईल उपटला, प्रज्वलला फोन लावला आणि त्याचा आवाज खोलीभर केला.

"बाबू, पाहुणे तुहा सिनेमा पाहून निघून राह्यले रे!"

"तो सिनेमा? कायले दाखवला आई तुमी? निघून नाई जातीन तं काय करतीन? मी सोता अर्ध्यातून उठलो."

"पण विनोदी..." जगदेवराव म्हणाले.

"कायचा विनोदी बाबा! मले एकदाबी हसू नाई आलं. चांगला म्हातारा मारून टाकला अन् म्हणतात हसा! इथं थेटरात बी कोणी हसलं नाई."

ललिताबाई परत खुर्चीत बसल्या. "मंग तुमी काहून हसून राह्यले होते जी? मले वाटलं, ह्या घरी मयतावर हसतात. असल्या घरात माही पोरगी कशी नांदन?"

"मारोतराव हसले म्हणून मी..." जगदेवराव पुटपुटले.

"मी? मी तं तुमच्याकडं पाहून हसलो!"

मग दोघांनीही जमशेदभाईंकडं पाहिलं. "मले काय पाह्यता?" जमशेदभाई कपाळ पुसत म्हणाले. "मध्यस्थाले हसाच लागते. मले तं म्हाताऱ्याचं इतकं वाईट वाटलं, का डोळ्याले पाणी आलं होतं माह्या."

त्यावर पहिल्यांदा ललिताबाईंना हसू फुटलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, तरी आवरेना. प्रयागबाई भिंतीला टेकून हसायला लागल्या. मग जगदेवराव, मारोतराव आणि जमशेदभाईही. या खेपेला कोणी कोणाकडं पाहून हसत नव्हतं.

"आई," फोनमधून घाबरा आवाज आला, "सिनेमा पुन्हा लावला का?"

ललिताबाईंनी डोळे पुसत फोन हातात घेतला. "नाई बापू, बंद केला. तू साधनाले फोन कर, अन् सांग, तुही आई हो म्हणते म्हणून."