रिकामे उखळ

यॉ आम्पोफो अंगणात उभे राहून रिकामे उखळ कांडत होते. अगदीच रिकामे म्हणता येणार नाही. तळाशी लॉरीच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घातलेला होता. नुसत्या लाकडावर मुसळ आपटले की ठणठण वाजते आणि गल्लीला कळते. ट्यूब घातली की कसा धप्प, धप्प आवाज येतो, आत उकडलेला कसाव्याचा कंद आणि कच्ची केळी असल्यासारखा. उभी हयात लॉरी चालवलेल्या माणसाला हे सुचायला फार वेळ लागला नाही.

बेक्वाई गावच्या त्या गल्लीत संध्याकाळी घराघरातून फुफू, म्हणजे कसावा-केळ्यांचा मऊ गोळा, कांडल्याचा आवाज येई. ज्या घरातून येत नसे, तिथे काहीतरी बिनसले आहे असे लोक धरून चालत. बायको सेरवा गेली आणि आम्पोफोंचे उखळ गप्प झाले. शेजारच्या पोकुआबाईंनी काही दिवस वाट पाहिली आणि मग कुमासी शहरात राहणाऱ्या आम्पोफोंच्या लेकीला, दुफीला, फोन केला. "तुझा बाप काही खात नाही गं. भिंतीपलीकडे नुसती सामसूम."

दुफीने लगेच बापाला फोन लावला. "बाबा, घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे राहायला यायचं. मी न्यायला येते."

"तुझ्याकडे? चौथ्या मजल्यावर?"

"मग काय झालं?"

"काही नाही," आम्पोफो म्हणाले. सेरवाला गावाबाहेर, कोकोच्या बागेपलीकडे पुरले होते. रोज सकाळी ते तिकडे एक चक्कर मारून येत आणि आदल्या दिवशी गल्लीत काय काय झाले ते तिला सांगत. हे लेकीला सांगण्यासारखे नव्हते. त्याच संध्याकाळी त्यांनी ट्यूब कापली.

युक्ती लागू पडली. "कांडतोय बरं का तुझा बाप, काळजी करू नकोस," असा निरोप कुमासीला गेला. आम्पोफो रोज घाम गाळून ट्यूब कांडत आणि मग आत जाऊन पाव आणि डब्यातला मासा खात. सगळे सुरळीत चालले होते. मग एके दिवशी भिंतीवरून पोकुआबाईंचे डोके वर आले.

"ड्रायव्हरसाहेब, आवाज झकास येतो हं तुमचा. पण फिरवतं कोण?"

हा प्रश्न आम्पोफोंच्या ध्यानातच आला नव्हता. फुफू एकट्याचे काम नव्हे. एकाने उभे राहून मुसळ मारायचे आणि दुसऱ्याने बसून, प्रत्येक घावाच्या मध्ये ओला हात घालून गोळा उलटायचा. सेरवाचा हात उखळाकडे न बघता आत जायचा आणि बाहेर यायचा, आणि तोंड सतत चालू असायचे. इतक्या वर्षांत तिच्या बोटाला कधी मुसळ लागले नाही.

"आहे एक जण," आम्पोफोंच्या तोंडून निसटले.

ही 'एक जण' बाजारात पोचेपर्यंत तरुण झाली. चर्चच्या महिला मंडळात पोचेपर्यंत तिला दोन मुले झाली. सेरवाला जाऊन अजून वर्षसुद्धा झाले नव्हते, नवऱ्याच्या अंगावरचे दुखवट्याचे काळे कपडे उतरले नव्हते! पुढच्या शनिवारी न कळवता दुफी दारात उभी.

"कुठे आहे ती?"

"कोण?"

"बाबा, मी रागवायला नाही आलेय," दुफी रागाने म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "मला एवढंच सांगा, आईच्या स्टुलावर बसते का ती?"

आम्पोफोंनी भिंतीला टेकवलेल्या त्या बुटक्या स्टुलाकडे पाहिले. कोणी नाही म्हणावे तर कुमासी अटळ. आहे म्हणावे, तर पोरगी ही अशी समोर उभी. त्यांनी उखळात हात घातला, ट्यूब काढली आणि तिच्या हातात ठेवली.

दुफीने ती उलटसुलट केली. "ही... ट्यूब आहे."

"मागच्या उजव्या चाकाची."

दुफी आधी हसली. हसता हसता खाली बसली आणि मग बराच वेळ तिने तोंड वर केले नाही. आम्पोफो मुसळ धरून उभे राहिले. ते कुठे ठेवावे, त्यांना कळेना.

"जेवता काय मग?" तिने नाक पुसत विचारले.

"पाव. कधी कधी मासा."

"बॅग भरा, बाबा."

"ट्यूब?" भिंतीपलीकडून आवाज आला. पाठोपाठ फाटकातून पोकुआबाईच आत आल्या. त्यांनी दुफीच्या हातातला तुकडा घेऊन अंगठ्याने दाबून पाहिला. "तरीच! मी गोणपाट घालते. पण तुमच्यासारखा आवाज काही निघत नाही मेला."



"मावशी, तुम्हीसुद्धा?"

"मग? मला कोण आहे फिरवायला? मुलगा मागे लागलाय, आक्राला चल म्हणून. तिथे जाऊन काय करू, पडदे बघत बसू? आणि त्याला यातलं काही कळवलंस तर बघ!" मग त्या आम्पोफोंकडे वळल्या. "इतकं सुरेख वाजत होतं, मला वाटलं खरंच कोणीतरी बाई आहे."

दुफी उठली, बाजारातून कसावा आणि केळी घेऊन आली आणि सोलायला बसली. कंद शिजल्यावर पोकुआबाईंनी सेरवाच्या स्टुलाकडे एकदा पाहिले आणि घरी जाऊन स्वतःचे घेऊन आल्या.

"हळू! बोटं माझी आहेत, ट्यूब नाही!"

"मग वेळेवर काढा ना!"

"वेळ तुमची चुकतेय. लॉरी अशीच चालवायचात का?"

फुफूत खूप गुठळ्या झाल्या. शेंगदाण्याच्या रश्शात बुडवून तिघांनी ते निमूट संपवले.

शेवटच्या गाडीला दुफी एकटीच निघाली. बॅगेचा विषय पुन्हा कोणी काढला नव्हता. कोपऱ्यावर ती थबकली. बापाच्या अंगणातून आवाज येत होता: गुठळ्या नेमक्या कोणामुळे झाल्या, यावरून जुंपली होती. दुफी ऐकत राहिली. दोघांपैकी कोणीच माघार घेईना. तेव्हा कुठे तिने गाडीला हात केला.