एक चाळणी, बोट न दाखवता

काकांना त्या सकाळी एक चाळणी विकत आणायची होती. अट एवढीच, की ती तोंडाने मागायची.

उभी हयात काकांनी घाऊक बाजारात भाजीचे लिलाव पुकारण्यात घालवली होती. त्यांच्या जिभेपुढे भलेभले दलाल पाणी भरत. मग एके दिवशी मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. हातपाय सावरले, अक्कल जागच्या जागी राहिली, शब्द मात्र ऐनवेळी दडी मारू लागले. वस्तू समोर दिसे, ती कशाची आणि कशासाठी हे सगळं ठाऊक असे, पण नाव उंबऱ्यापर्यंत येऊन परत फिरे. चहा मागायला जावं तर तोंडातून 'छत्री' बाहेर पडे, आणि काका स्वतःच दचकून वर बघत.

बोलणं शिकवायला एक बाई घरी येत. काका त्यांना वाचाताई म्हणत. हे नाव त्यांनी स्वतः शोधलं होतं, म्हणून ते कधीच हरवत नसे.

"नाव सुचत नसेल तर त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना गाठायचं, काका," वाचाताई सांगत. "ती वस्तू काय करते, कशी दिसते, कुठे असते, बोलत राहायचं. नाव मागून येतं. आणि काकू, तुम्ही शब्द पुढे करायचा नाही. कितीही वेळ लागू दे."

"मी कशाला करतेय?" वाचाताईंचं वाक्य संपायच्या आत काकू म्हणाल्या होत्या.

या आठवड्याचा गृहपाठ होता खरेदीचा. दुकानात एकट्याने जायचं, चिठ्ठी न्यायची नाही, बोट दाखवायचं नाही. काकूंनी त्यात आपला करार घुसवला होता. "जमलं तर उद्या बाजारात एकटे जा. नाही जमलं, तर मी दंडाला धरून नेईन."

काकांचा जीव या करारात अडकला होता. आजारानंतर ते बाजारात गेलेच नव्हते. ज्या ओट्यावरून आपण गर्जना केली, तिथे बायकोच्या हाताला धरून जायचं? त्यापेक्षा घरी बसून भिंत बघितलेली बरी.

भांड्यांच्या दुकानात गर्दी होती. चाळणी दुकानदाराच्या बरोबर डोक्यावर टांगलेली होती, नव्या नवरीसारखी चमकत. काकांनी तिला पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. नियम म्हणजे नियम.

"या काका, काय देऊ?"

"मला ती... ती..."

"कढई?"

"नाही. पीठ. पीठ असतं ना, ते त्यात... घालायचं."

"डबा!" दुकानदाराने डबा काढून ठेवला.

"नाही. हलवायचं. पीठ खाली. वर... कचरा."

"केरभरणी!"

केरभरणी डब्यावर बसली. काकांनी वाचाताईंना स्मरून पुढचा शेजारी गाठला. "भोकं. पुष्कळ भोकं."

इथे मात्र रांगेला राहवेना. लोकांना दुसऱ्याची अडचण सोडवण्यात जी गोडी असते, ती स्वतःची सोडवण्यात नसते. मागे शाळेच्या निवृत्त हेडबाई उभ्या होत्या. त्या वर्गात ओरडावं तशा ओरडल्या, "किसणी!"

"झारा असेल," दुकानदार म्हणाला.

"शॉवर!" बादली घ्यायला आलेल्या नळवाल्याने ठोकून दिलं.

"अहो, पीठ कोण शॉवरखाली धरतं?" हेडबाई कडाडल्या.

"बाई, आमच्या धंद्यात आम्ही काय काय बघतो ते तुम्हाला नका सांगायला लावू. काका, डोक्यावर पाणी पडतं, तेच ना?"

"नाही," काका म्हणाले.

"लाजू नका. घरी येऊन बसवून देतो."

तेवढ्यात दारातून एक चष्मेवाले गृहस्थ आत घुसले. त्यांनी फक्त 'पीठ' आणि 'कचरा' एवढंच ऐकलं होतं. "पिठात कचरा निघाला? कुठली गिरणी? गप्प बसू नका हो, आत्ता तक्रार करू!"

दुकानदार झारा काढायला स्टुलावर चढला आणि त्याच्या कोपराने ताटल्यांची चळत खाली आली. खणखणाट रस्त्याच्या टोकापर्यंत गेला असावा. दोष काकांचा नव्हता, पण सगळे त्यांच्याकडेच बघू लागले. हेडबाईंनी ताबडतोब निदान केलं, "चक्कर येतेय त्यांना. बसवा. पाणी द्या."

काकांना धरून बसवलं. एकाने पाणी दिलं, एकाने वहीने वारा घातला, नळवाल्याने नाडी धरली आणि नळात हवा अडकल्यासारखा चेहरा केला.

"घरचा नंबर सांगा, काका," दुकानदाराने मोबाइल काढला. "बोलावून घेतो कुणाला तरी."

काकांनी जोरजोरात मान हलवली. हा फोन गेला की उद्याचा बाजार बुडाला. चोहोबाजूंनी बोली चढतच होती. "किसणी!" "झारा!" "जाळी!" "मच्छरदाणी!" बोली कुणाची, माल कुणाचा, आणि पुकारणारा कोण?

काका उठले. गल्ल्यावर तळहात आपटला आणि बाजाराला ऐकू जाणारा तो जुना आवाज पोटातून वर आला.

"एक वार! दोन वार! तीन वार!"

दुकान चिडीचूप झालं. चष्मेवाल्यांची तक्रारसुद्धा घशात राहिली. कोणी काही सुचवत नव्हतं, कोणी मदत करत नव्हतं. त्या सुखद शांततेत, रिकाम्या वाटेवरून पाहुणी यावी तसा शब्द चालत आला.

"चाळणी," काका म्हणाले.

मग हेडबाईंनी टाळी वाजवली.

"माझ्या मनात तेच होतं," नळवाला म्हणाला.

दुकानदाराने डोक्यावरून चाळणी काढली. "अहो काका, ही तर तुमच्या समोरच होती! नुसतं बोट दाखवायचं ना!"

काकांनी पैसे ठेवले, चाळणी काखेत मारली आणि सावकाश, एकेक शब्द जोखून, म्हणाले, "बोट... कोणीही... दाखवील."

घरी आले तेव्हा काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. काकांनी चाळणी ओट्यावर ठेवली.

"आणलीत! वाटलंच मला. आणि त्या नळवाल्याचं तोंड बंद केलंत ते झकास झालं. मेला सारखा मधे मधे..."

बोलता बोलता काकू वळल्या आणि एकदम थांबल्या.

काकांनी दुकानातलं अजून अक्षरही सांगितलं नव्हतं. त्यांनी काकूंकडे नीट पाहिलं. कपाळावर घाम होता, छातीचा भाता चालू होता आणि पायांत बाहेरच्या चपला तशाच होत्या. म्हणजे ही बया सगळा वेळ दुकानाबाहेर उभी होती. चाळणी डोळ्यांसमोर, शब्द ओठांवर, नवऱ्याभोवती एवढा गोंधळ, आणि तरी तिने हूं का चूं केलं नाही. लग्नापासून जिने कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही, तिने! काकांनी मनात हिशोब केला. आजची परीक्षा दोघांनी दिली होती, आणि अवघड पेपर आपल्याला आला नव्हता.

'पाळत' हा शब्द त्यांना लख्ख आठवला. एरवी आठवडाभर शोधून सापडला नसता. तो जिभेवर आला, काकांनी तो घोळवला आणि गिळून टाकला.

"उद्या," ते म्हणाले, "बाजार. एकटा."

"हो, ठरलंय तसं," काकू खाली बघत म्हणाल्या. "जा की. मी कुठे अडवतेय?"

पण हातातल्या फडक्याला त्या उगाच पीळ घालत होत्या. काकांनी तो पीळ पाहिला. या खेपेला शब्द शोधायचे नव्हते, निवडायचे होते.

"तू," ते म्हणाले, "जरा... लांबून ये."