बिनरुळांचे फाटक

सुरक्षाशास्त्राचा पहिला सिद्धांत असा की, जी गाडी अस्तित्वातच नाही तिच्याखाली सहसा कोणी येत नाही. हा सिद्धांत पुष्कळांना ठाऊक असेल. पण त्यावर नेमाने अंमल करणारे फाटक एकच, आणि त्याचे हँडल बावीस वर्षे फाटकमामांच्या हातात होते.

रेल्वेमार्ग मंजूर झाला तेव्हा खात्याने 'आधी सुरक्षा, मग सोय' असे दूरदर्शी धोरण स्वीकारले. त्यानुसार पहिल्या टप्प्यात फाटक, केबिन, घंटा, दोन झेंडे, वेळापत्रक आणि मामा एवढे पूर्ण करण्यात आले. रूळ दुसऱ्या टप्प्यात होते. (दुसरा टप्पा कोणत्या कपाटात आहे, याचा शोध तिसऱ्या टप्प्यात घेतला जाईल.)

वेळापत्रक छापून झाले असल्यामुळे फाटक बंद करणे भागच होते. दिवसातून चार वेळा, दर वेळी पंधरा मिनिटे. मामांनी कधी मिनिटाचा फरक पडू दिला नाही. रूळ जिथे येणार होते तिथले गवतही ते दर सोमवारी स्वतः उपटत. बावीस वर्षांत या मार्गावर अपघात शून्य, घसरलेले डबे शून्य, आणि प्रवाशांची तक्रार एक (खिडकीजवळची जागा मिळाली नाही; चौकशी चालू आहे).

इतर फाटकांवर लोक दांड्याखालून वाकून खुशाल पलीकडे जातात, कारण गाडी किती लांब आहे ते तिथे दिसते. इथे गाडी कुठून येणार हेच कोणाला माहीत नाही. मग जिवाशी खेळ कोण करणार? लोक शहाणे होते. इंजिन बंद करून थांबू लागले. पुढे थांबण्याची सवय झाली, आणि सवयीची गोडी लागली. दोघातिघांची लग्ने तिथेच जुळली. एका न्हाव्याने तर खुर्चीच टाकली. अर्धी दाढी झाली की फाटक उघडे, उरलेली पुढच्या गाडीला.

"गाडी येवो न येवो, आपण तयार पाहिजे," असे मामा घरी सांगत.

"जेवायला तरी वेळेवर या," एवढेच बायको म्हणे.

एका मंगळवारी, दहा चाळीसचे फाटक पडल्यावर, एक रिक्षा घाईघाईने येऊन रांगेत थांबली. चालवत होते मामांचे जावई. मागे मामांची एकुलती एक लेक होती, कळा सुरू झालेली. दवाखाना फाटकाच्या पलीकडे, पाच मिनिटांवर.

"बाबा, उघडा ना," लेक म्हणाली.

मामांनी घड्याळ पाहिले. दहा बेचाळीस. वेळापत्रकानुसार नेमक्या याच क्षणी मालगाडी फाटकातून जात होती.

"थोडं थांब, बाळा. गाडी गेली की लगेच."

"बाबा, रूळ तरी कुठे आहेत हो?"

हा प्रश्न मामांना आजवर घरच्या कोणी विचारला नव्हता. त्यांनी हँडलला हात घातला आणि नियम मोडून दोन वेढे दिले. दांडा गुडघ्याएवढा वर आला.

"ओ मामा! डोकं फिरलं का तुमचं?" न्हावी वस्तऱ्यासकट धावला. "गाडीची वेळ आहे!"

"माझी लेक आहे हो रिक्षात. अडलीय ती."

"लेक तुमची म्हणून नियम बदलणार का?" रांगेतला एक शिक्षक पुढे झाला. "माझे वडील इथेच गेले, याच रांगेत, छातीत कळ येऊन. तेव्हा उघडलं होतं का तुम्ही?"

नव्हते उघडले. त्या म्हाताऱ्याला मामांनी स्वतःच्या तांब्यातले पाणी पाजले होते, पण फाटक उघडले नव्हते. मामांचा हात हँडलवरून निसटला. तिघांनी मिळून दांडा खाली दाबला आणि एक जण खबरदारी म्हणून त्यावर बसला.

बाळ केबिनमध्ये झाले, घंटेखाली, दहा बावन्नला. रांगेतल्या भाजीवाल्या मावशींनी लेकीला मोकळे केले. मुलगी होती आणि चांगली खणखणीत रडत होती. मामांनी तिला हिरव्या झेंड्यात गुंडाळले. दहा पंचावन्नला फाटक उघडले तेव्हा सगळ्यांनी जावयाचे तोंडभरून अभिनंदन केले; एक जण तर रडलाच.

"थोडक्यात वाचलो बुवा," दांड्यावरून उतरत तो माणूस म्हणाला. "आज गाडी वेळेवर असती म्हणजे?"

आठवड्याने मामांची चौकशी झाली. दोन वेढे दिल्याचे त्यांनी कबूल केले. रुळांचा विषय काढून पाहिला. पण रूळ नसणे ही बाब या चौकशीच्या कक्षेत येत नाही, असे साहेबांनी त्यांना समजावून सांगितले. मामांना घरी बसवण्यात आले. हिरवा झेंडा परत मागवण्यात आला (धुऊन).

कारवाई लोकांच्याच अर्जावरून झाली होती. साहेबांनी तो मामांना वाचायला दिला. खाली एकेचाळीस सह्या होत्या. मामांनी एकेक नाव बोट ठेवून ओळखले: न्हावी, शिक्षक, दांड्यावर बसलेला, अगदी अभिनंदन करताना रडलेलासुद्धा. सतरावी सही तेवढी त्यांना लागली नाही. रांगेत तुम्हीही होतात; तुम्हाला लागते का बघा. पेन तुमचेच होते.