दुधेभाऊंचं चिनी औषध

आमच्या दवाखान्यातले दुधेभाऊ कंपाउंडर औषधाच्या बाटलीबरोबर एका कादंबरीचीही शिफारस करत.

"हे लाल औषध दोनदा, जेवल्यावर. अन् हे पुस्तक वाचा. जिंदगी सुधरून जाईन."

समोरचा माणूस खरूज दाखवायला आलेला असे आणि बहुतेकदा त्याची अक्षरांशी ओळखही नसे. पण दुधेभाऊ कुणालाच वगळत नसत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी रक्तदाब मोजता मोजता शिफारस केली होती. साहेबांचा रक्तदाब वाढला.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गोंडपिपरीकडच्या एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात मी कारकून होतो. दुधेभाऊ एकटेच राहत. त्यांचं पुस्तक म्हणजे एका जुन्या चिनी कादंबरीचं हिंदी भाषांतर, उशीएवढं जाड. नागपूरच्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना मिळालं, तेव्हाच त्याचं मुखपृष्ठ गेलेलं होतं. त्यामुळे ज्या पुस्तकाची ते जगभर शिफारस करत, त्याचं नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"बाबू," ते मला म्हणत, "पह्यले पन्नास पानं नावानंच डोकं फिरते. घाबराचं नाई. मंग तुमी पुस्तक नाई वाचत, पुस्तकच तुमाले वाचते."

"मग द्या ना वाचायला."

"देल्यावर वापस येते काय? मी हाव ना सांगाले!"

आणि ते सांगत. गुरूला कपटानं मारणाऱ्याच्या शोधात एक तरुण तलवारबाज निघतो, डोंगरावरच्या मठात विद्या शिकतो, दुबळ्यांसाठी लढत गावोगाव फिरतो. त्याचं मूळ नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून दुधेभाऊंनी त्याला चांगो केलं. मठ आमच्याकडच्या माणिकगड किल्ल्याच्या दुप्पट उंचीवर होता. मठातल्या भिक्खूंचा त्यांना, स्वतः बौद्ध असल्यामुळे, घरचा अभिमान होता. "आपल्या भन्तेसारखेच. फक्त हे उडते."

श्रोते म्हणजे टीबीचे रोगी. त्यांना महिनोन् महिने रोज सुई घ्यायला यावं लागे. सुई उकळेपर्यंत बाहेरच्या बाकावर गोष्ट चाले. चांगो बांबूच्या शेंड्यांवरून धावतो, हा भाग आला की बाक पेटून उठे. जन्मभर बांबू तोडलेली माणसं ती!

"शेंडा वाकते ना भाऊ," तानाबाई म्हणाली. तळ्यावर मासे धरणाऱ्या ढिवरांपैकी ही एक विधवा बाई, अंगानं काडी आणि जिभेनं विळा.

"त्यानं श्वास साधला, बाई. श्वास साधला का माणूस हलका होते. म्हणूनच तर म्हणतो, तुमीबी आपला श्वास सांभाळा. चला, सुई घ्या."

चांगोच्या गळ्याशी तलवार आली की दुधेभाऊ हमखास पुस्तक मिटत. "बाकी उद्या." मला हे शुद्ध वेड वाटे.

हिवाळा संपता संपता तानाबाई यायची थांबली. खोकला कमी झाला होता, अंगात ताकद आली होती, म्हणून ती बायांबरोबर नदीपलीकडे आंध्रात मिरची तोडायला गेली. दुधेभाऊंनी रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं, घरी लग्न.

"कुणाचं लग्न?" मी विचारलं.

"चांगोचं," म्हणाले, आणि पुस्तक पिशवीत घालून एसटीत बसले.

दोन दिवसांनी एकटेच परतले. मी म्हटलं, "बाई नाही आली?"

"येईन. दुपारच्या जेवनाले सगळ्या बाया झाडाखाली बसल्या, तिथी गोष्ट सांगून आलो." मग जरा थांबून म्हणाले, "माह्या लहान भावालेबी असंच बरं वाटलं होतं. सुई अर्धी सोडून तो कामाले गेला. बरं वाटणं लय वाईट असते, बाबू."

त्याच आठवड्यात तानाबाई दारात उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "भाऊ, त्या चांगोले दरीत लटकवून तुमी काऊन पळाले? माहा हात मिरचीवर चालेना!"

दुधेभाऊंनी सुई उकळायला ठेवली.

पावसाळ्यात तिचा इलाज संपला. शेवटच्या सुईला दुधेभाऊंनी मारेकऱ्याला मारलं, चांगोला घरी पोचवलं आणि पुस्तक मिटलं. खूण निम्म्यावर होती, हे मी पाहिलं.

तानाबाई गेल्यावर मी म्हटलं, "अजून अर्धं बाकी आहे की."

"दरसाली मी गोष्ट अशीच संपवतो. बऱ्या झालेल्या माणसाले दवाखान्यात कायले बसवून ठेवाचं?" एवढं बोलून ते रिकाम्या बाकावर बराच वेळ बसून राहिले. पुढचे कितीतरी दिवस त्यांनी कुणालाच शिफारस केली नाही. त्यांचे श्रोते बरे होत आणि निघून जात. ते जावेत म्हणून हाच माणूस रोज झटत असे.

पोळा झाल्यावर एके दुपारी तानाबाई आली. अंग भरलेलं होतं. हातात पळसाच्या पानात बांधलेले झिंगे, तळ्यातली बारीक कोळंबी, होते.

दुधेभाऊ घाबरून उठले. "का झालं बाई? खोकला आला काय?"

"खोकला नाई अन् फोकला नाई. मी तळ्यावर विचार करून राह्यली होती. इतका चालाख मारेकरी, अन् असा एका दमात मरते? भाऊ, तुमी खोटं सांगतलं."

दुधेभाऊंनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसला.

"बसा बाई," ते म्हणाले. "नाई मरत तो. मोठा माणूस आहे, मोठी गोष्ट आहे."

तानाबाई ऐसपैस मांडी घालून बाकावर बसली. दुधेभाऊंनी पुस्तक आणलं, खुणेचं पान उघडलं आणि पुढे वाचायला लागले. तिथून पुढचं त्यांनी आजवर कुणाला वाचून दाखवलं नव्हतं.