सगळे व्हॉलंटियर

नौदलाची कमांडो तुकडी कशी उभी राहते, हे तंजावुरात आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं सूर्यनारायणरावांचं ठाम मत होतं. उभी हयात विमा कचेरीत गेली होती. पण लेक गणेशकुमार कमांडो झाल्यापासून समुद्र जणू त्यांच्याच अखत्यारीत आला होता. गणेशकुमार आणि हरिणी यांचं एकमेकांवर मन बसलेलं. राहिला होता तो फक्त तिच्या वडलांचा होकार. त्यासाठी हरिप्रसादराव तिरुवैयारूहून जेवायला आले, तेव्हा रावांनी लेकाला तोंडच उघडू दिलं नाही.

पंगतीत केळीचं एक जादा पान मांडून त्यांनी त्यावर वडे ठेवले.

"हा पाणबुड्या. हा सुरुंगवाला. हा वायरलेसवाला, हा नेमबाज, हा जखमा बांधणारा. टोळी लहान, पण अडलं तर एकाला दुसऱ्याचं काम यायलाच पाहिजे." मग सांबाराच्या भांड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि हे मागचे लोक. बोटी, पॅराशूट, दारूगोळा सांभाळणारे. वड्यापेक्षा सांबारच जास्ती लागतं."

"यांत घेतात कोणाला?" हरिप्रसादरावांनी विचारलं.

"नौदलातलेच. आणि सगळे व्हॉलंटियर!"

हरिप्रसादरावांचा घास हातातच राहिला. तिरुवैयारूच्या आराधना उत्सवात दरवर्षी व्हॉलंटियर त्यांच्याच हाताखाली असत. छातीवर बिल्ला, दिवसभर उन्हात उभं राहणं, दुपारी चिंचभाताचं पुडकं, आणि संध्याकाळी बिल्ला परत.

"जेवण तरी देतात?" त्यांनी हळूच विचारलं.

"पोटभर."

"पुढं ठेवून घेतात?"

"टिकला तर! बहुतेकांना परतच धाडतात," राव अभिमानानं म्हणाले.

हरिप्रसादरावांनी जेवण संपल्यासारखं पान मिटलं. "लेक गुणाचा आहे, राव. पण माझ्या मुलीला पगाराचा नवरा पाहिजे."

तेव्हा गणेशकुमार पहिल्यांदा बोलला. "मामा, पगार मिळतो. चांगला मिळतो. व्हॉलंटियर म्हणजे तिथं कोणी धाडत नाही. आपणहून जायचं. मी आपणहून गेलों."

हरिप्रसादरावांनी मिटलेलं पान लाजत पुन्हा उघडलं. लग्न ठरलं.

पण रसम वाढायला आलेल्या गणेशकुमारच्या आई सरस्वतीबाई उंबऱ्यातच थांबल्या होत्या. लेकाला कमांडोंत धाडायचा वरून हुकूम आला, सरकारला नाही म्हणता येत नाही, असं नवऱ्यानं त्यांना सांगितलं होतं. लेकाची बदली व्हावी म्हणून दर शुक्रवारी देवळात त्या सरकारला सुबुद्धी मागत आल्या होत्या.

"तुज कोणी धाडलं नाही?"

"नाही, अम्मा."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. राव सांबाराकडे पाहत होते. बाईंचे डोळे भरून आले, पण पाहुण्यांसमोर त्यांनी ते वाहू दिले नाहीत. जादा पानावरचा पाणबुड्या उचलून त्यांनी लेकाच्या पानात वाढला.

"मग परत यायचं तेही आपणहूनच ये. कोणी धाडेल म्हणून थांबू नको."

उरलेली टोळी हरिप्रसादरावांच्या पानात गेली. सूर्यनारायणरावांना त्या दिवशी नुसतं सांबारच मिळालं.