मारणाऱ्याचं ताट

आमच्या आसेगावातला हिरामण रोज संध्याकाळी एका इंग्रजी खुन्याला जेवू घालतो. खुनी मोबाइलात, ताट मोबाइलासमोर.

पिच्चर जुना, घोड्या-टोप्यांचा. एक नामी दरोडेखोर असतो. सरकारनं माफी कबूल केली म्हणून त्याचाच जिगरी दोस्त त्याला पाठीमागून गोळी घालतो. पुढं त्या दोस्ताला कोणी दारात उभं करत नाही. इंग्रजी हिरामणला येत नाही, मलाही नाही. त्याचं काही अडत नाही. सगळ्यांच्या वतीनं तोच वऱ्हाडीत बोलतो. दरोडेखोर त्याचा 'पाटील', तिकडचा फौजदार 'जमादार'.

गोळी सुटली की पिच्चर थांबवतो आणि पिठलं टाकतो. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकर नेतात.

"अबे, पण हा तं मारणारा व्हय," मी म्हणालो.

"दोस्त तं याचाबी मेला ना, भाऊ. याले कोण पुसते?"

ताटातलं मग स्वतःच खातो. म्हणतो, "पाहुणा लाजून राह्यला."

मी तिथं जातो, कारण माझी बायको सुमन जाऊन वर्ष होत आलं. गाव भलं आहे, पण माझ्यासमोर तिचं नाव कोणी काढत नाही. पावसापाण्याचं बोलतात. पोरगा पुण्याहून फोन करतो, तो बीपीची गोळी घेतली का विचारतो. तिच्याबद्दल कोणी एक वाक्य बोलावं, एवढंच मला पाहिजे होतं. हिरामणही बोलत नव्हता. त्याचं आपलं जमादार आणि घोडे.

परवा मी भडकलो. "बंद कर तो डब्बा! मारणाऱ्याचा एवढा कायचा पुळका बे तुले?"

त्यानं पिठलं ढवळणं सोडलं नाही. "माहा वाघ्या पिसाळला होता, आठोते का?"

आठवत होतं. त्याचाच कुत्रा. "तो तुलेच जवळ येऊ देईन, तूच मार," म्हणून सगळं गाव त्याच्या मागं लागलं. त्यानं कुऱ्हाडीनं मारला. दुसऱ्या दिवशी तेच गाव त्याला कसाई म्हणायला लागलं.

"त्या सांजी वहिनी आली होती. पदराखाली पिठलं-भाकर."

"कोणती वहिनी?"

"तुमची बायको. आणखी कोण येते?"

सुमननं मला कधी सांगितलं नव्हतं. कुत्र्याचं सुतक म्हणून मी हसलो असतो, हे तिला ठाऊक.

"काय म्हणे?"

"काईच नाही. मी जेवलो तोवर बसली. मंग म्हणे, मीठ जास्त तं नाही झालं न, भाऊजी?"

"झालं होतं?"

"लय."

तिचं नेहमीच व्हायचं. मी भाकरीचा तुकडा मोडला.

"पुन्हा सांग," मी म्हणालो. "दारातून आली, तिथून."